विद्यार्थी भीमराव आणि विषयांची निवड

दहावीच्या परीक्षेचा निकाल हाती आला, की घरोघरी एक लहानशी सभा भरते. गणित घ्यावे की जीवविज्ञान, वाणिज्य बरे की कला, की कृषी हा विषय घेऊन शेतकी महाविद्यालयाकडे वळावे, याचा खल सुरू होतो. वडील एक सांगतात, मामा दुसरेच सुचवितात, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मुलगा आपल्या मित्राने कोणते विषय घेतले याच्या चौकशीत असतो. अर्जातील त्या चार-पाच रिकाम्या ओळी भरावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु पुढे विद्यापीठाचे कोणते दार आपल्यासाठी उघडेल आणि कोणते उघडणार नाही, हे पुष्कळसे त्या ओळींवरच ठरते. परसवाड्यासारख्या गावातून बालाघाट, जबलपूर किंवा नागपूर येथे शिकावयास जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना तर एकदा घेतलेले विषय बदलणे खर्चाच्या दृष्टीनेही परवडत नाही. या कारणास्तव यंदाच्या अंकात आम्ही अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की ज्याला शाळेत हवा तो विषय घेऊ दिला गेला नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे नाव भारताच्या राज्यघटनेशी कायमचे जोडले गेले आहे व त्यांचे सार्वजनिक कार्य सर्वांस ठाऊक आहे. येथे आम्हांला बोलावयाचे आहे ते त्यांच्या पाटी-पुस्तकांविषयी.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. हे गाव आज आमच्याच मध्यप्रदेशात, इंदूरजवळ आहे. आईवडिलांचे ते चौदावे अपत्य. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि अनेक वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, ही गोष्ट या चरित्रात फार महत्त्वाची आहे. ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या समाजातील हे कुटुंब होते. पण घरातच शिक्षक होता. रामजी कबीरपंथी, शिस्तीचे व विद्येचे भुकेले. सेवानिवृत्तीनंतर ते प्रथम कोकणात दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत मात्र त्यांना वर्गातील इतर मुलांपासून निराळे, घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे, आणि तहान लागली तर कोणीतरी वरून पाणी ओतील तेव्हाच ते मिळे.

पुढे रामजींनी मुंबईस परळ येथील एका चाळीत बिऱ्हाड केले. खोली एकच. तीच स्वयंपाकघर, तीच झोपावयाची जागा व तीच अभ्यासिका. रामजींनी तोड काढली ती अशी: मुलाने रात्री लवकर झोपावे, आपण जागत बसावे, आणि दोन वाजता मुलाला उठवून मग आपण अंग टाकावे. जात्याशेजारच्या त्या कोपऱ्यात मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजी हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला स्वतः शिकवीत. निवृत्तिवेतन थोडे, मुलाला पुस्तकांचे वेड मोठे. पुस्तक हवे झाले की हा वृद्ध सुभेदार आपल्या विवाहित मुलींच्या घरी जाई, त्यांच्याकडून उसने पैसे आणी. तेही नसले तर एखादा दागिना आणून गहाण ठेवी व वेतन हाती येताच सोडवून परत करी. विषयांच्या निवडीत पालकांनी काय करावे असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही प्रथम या दागिन्याकडे बोट दाखवू.

मुंबईत काही काळ मराठा हायस्कूलमध्ये शिकून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूल या नामांकित सरकारी शाळेत गेले. येथेच त्यांच्यापुढे विषयांचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांसाठी इंग्रजीबरोबर दुसरी एक भाषा घ्यावी लागे आणि महाविद्यालयात जावयाचे तर ती संस्कृत किंवा फारसी यांसारखी अभिजात भाषा असावी लागे. हायस्कुलात घेतलेली भाषाच मॅट्रिकला व पुढे पदवीपर्यंत चालत असल्यामुळे मधेच ती बदलणे अवघड होते. रामजींची मनापासून इच्छा होती, की मुलांनी संस्कृत शिकावे. ज्या धर्मग्रंथांच्या आधारावर आपल्या समाजाला दूर ठेवले जाते, ते ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती भाषा आपल्या मुलांना यावी, यात विलक्षण असे काय होते? परंतु शाळेतील संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्य मुलांना ती भाषा शिकविण्याचे साफ नाकारले. वडील बंधू आनंदराव व भीमराव या दोघांनाही निरुपायाने फारसी घ्यावी लागली.

एखादा विषय कठीण वाटतो म्हणून सोडणे निराळे, गुण कमी पडले म्हणून न मिळणे निराळे, आणि बुद्धी व इच्छा दोन्ही असूनही जन्मामुळे नाकारला जाणे अगदीच निराळे. शाळा सरकारी, नियमाने सर्वांना खुली, शुल्क भरलेले. आणि तरीही एका वर्गाचे दार एका माणसाच्या शब्दावर बंद झाले. त्याच शाळेत एकदा फळ्यावर गणित सोडविण्यासाठी भीमरावांना पुढे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी धावत जाऊन ते उचलले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. अशा वर्गात बसून अभ्यास करणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याने क्षणभर करून पाहावी.

सक्तीने मिळालेली फारसी भीमरावांनी रुसून टाकून दिली नाही. ते ती नीट शिकले. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य गणलेल्या समाजातील मुलाने हे यश मिळविणे त्या काळी इतके दुर्मीळ होते, की त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली व सी. के. बोले तिचे अध्यक्ष झाले. या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. हे व्यवसायाने शिक्षक व चरित्रलेखक. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता आणि त्याला वाचावयास पुस्तकेही देत असत. स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी त्या दिवशी भीमरावांना भेट दिले. रामजींच्या बळावर एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पहिले टप्पे पार पडले. पुढे पैशाची ओढाताण असह्य झाली, तेव्हा केळुसकरच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके व कपडेही दिले. एका हुशार मुलाला विद्यापीठापर्यंत नेण्यास किती हात लागतात, हे या तीन-चार नावांवरून दिसते.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. बडोद्यात नोकरीस लागून काही दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली; २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचा अंत झाला. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले आणि ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची. अट अशी, की ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी. म्हणजे येथेही निवड सर्वस्वी मोकळी नव्हती. परंतु न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचल्यावर त्यांच्यापुढे जे ताट वाढून आले, तसे त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. कोणत्याही वर्गाच्या दाराशी त्यांना कोणी जात विचारली नाही.

तेथे त्यांनी कोणते विषय घेतले, याची नोंद उपलब्ध आहे आणि ती आम्हांस या साऱ्या चरित्राचा गाभा वाटते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक: अवघे ६०. ही यादी वाचून प्रथम असे वाटते, की उपाशी माणसाने दिसेल ते पानात घ्यावे तसा हा प्रकार आहे. पण पुन्हा वाचली म्हणजे तिची बांधणी ध्यानी येते. निम्मा भाग एकाच विषयाचा आहे, तो खांब. उरलेले विषय त्या खांबाला टेकून उभे आहेत. पैसा कोठून येतो व कोठे जातो हे अर्थशास्त्राने सांगावे, समाजाची उतरंड कशी रचली गेली हे इतिहास व मानववंशशास्त्राने सांगावे, आणि ती बदलावयाची कशी याचा विचार तत्त्वज्ञान व राज्यशास्त्राने द्यावा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वचिंतक त्यांना गुरू लाभले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० पुस्तके जमविली, ती पोटाला चिमटा घेऊन.

१९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाबद्दल त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. आधार म्हणून घेतलेल्या या विषयाचे अवघे ४ अभ्यासक्रम, आणि त्यातून निघालेला हा निबंध आज शंभर वर्षांनंतरही अभ्यासिला जातो! त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास एकाच वेळी सुरू केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली परतावे लागले. बडोद्यास राहावयास जागासुद्धा मिळू न दिल्यामुळे नोकरी सोडावी लागली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, काटकसर करून, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या, कोलंबियाची पीएच. डी. १९२७ साली हाती आली. मधल्या काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून १९२१ साली त्यांनी जो अर्ज केला, तो जर्मन भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. कोलंबियातील तो एकुलता एक प्राथमिक अभ्यासक्रम असा उपयोगी पडला. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, ती याच अर्थशास्त्राच्या जोरावर.

आणि संस्कृत? ती खंत मिटली नाही. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने व पंडितांच्या साहाय्याने त्या भाषेचा अभ्यास केला. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षी रोजच्या पाठांतराने जी भाषा अंगी मुरते, ती चाळिशीत राज्यकारभार, चळवळी व न्यायालये सांभाळून मुरत नाही. १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तेव्हा संस्कृतवर प्रभुत्व नसलेल्या माणसाने या विषयात पडावे का, हा आक्षेप येणार हे ते जाणून होते. प्रस्तावनेत त्यांनी त्या भाषेवर प्रभुत्व असल्याचा दावा केला नाही. मात्र भाषांतरांच्या आधारे आपण पंधरा वर्षे हा अभ्यास केला आहे, आणि तेवढ्यासाठी आपल्याला अपात्र ठरविणे योग्य नाही, असे ठामपणे मांडले. ज्यांनी शिकू दिले नाही त्यांच्यापैकीच कोणी पुढे तुला ते येत नाही असे म्हणावे, हा या कथेतील सर्वांत कडू भाग होय, आणि तो गोड करून सांगण्याची आमची इच्छा नाही. नाकारलेल्या विषयाची किंमत त्या विद्यार्थ्याने जन्मभर भरली.

तरीही त्या भाषेविषयी त्यांच्या मनात आकस राहिला नाही, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. संविधान सभेत राजभाषेचा प्रश्न निघाला, तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृतला भारताची राजभाषा करावी अशी उपसूचना पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी पुढे आणली. तिच्या पुरस्कर्त्यांत कायदामंत्री डॉ. आंबेडकरांचे नाव वृत्तपत्रांत झळकले. ती उपसूचना संमत झाली नाही.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना त्यांनी १९४५ साली केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे कोणत्या विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, हे त्याच्या जन्मावरून ठरणार नव्हते. स्वतः संस्थापकाचा अभ्यास तेव्हाही चालूच होता. उतारवयात त्यांनी पाली भाषा हाती घेतली, तिचे व्याकरण लिहिले, शब्दकोशासाठी शब्दांमागून शब्द जमविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले तेव्हा ती हस्तलिखिते तशीच राहिली होती. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात ती १९९८ साली प्रसिद्ध केली.