अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही ज्यांचा आवाज दाबता आला नाही, त्या फॅनी लू हेमर

गोष्ट आहे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली. साल १९६२, महिना ऑगस्ट. रुलविल गावच्या चर्चमध्ये विद्यार्थी चळवळीतली काही पोरं आली आणि त्यांनी सांगितलं की, काळ्या लोकांनाही मतदानाचा हक्क आहे. ऐकणाऱ्यांत ४४ वर्षांच्या फॅनी लू हेमर होत्या. आपल्यालाही मत देता येतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

१९१७ साली जन्मलेल्या हेमर म्हणजे २० भावंडांतलं शेंडेफळ. आईवडील गोऱ्या मालकाच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवायचे. सहाव्या वर्षीच त्याही कापूस वेचायला लागल्या आणि शाळा लवकर सुटली.

३१ ऑगस्टला आणखी १७ जणांसोबत त्या मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला गेल्या. तिथे परीक्षा होती, राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायची. पास-नापास ठरवणारा अधिकारी गोरा. हेमर नापास झाल्या. घरी पोहोचल्या तर मळ्याच्या मालकाने बजावलं की, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. १८ वर्षं राबलेला मळा त्यांनी त्याच रात्री सोडला. पुढे जानेवारी १९६३ मध्ये त्या ती परीक्षा पास झाल्या.

जून १९६३. एका प्रशिक्षणाहून बसने परतताना विनोना गावात पोलिसांनी त्यांना पकडलं. कोठडीतल्या काळ्या कैद्यांना हुकूम देऊन त्यांच्याकरवी हेमर यांना बेदम मारहाण केली. त्यांची किडनी कायमची दुखावली. खटला उभा राहिला, पण ज्युरीत सगळे गोरेच होते. पोलीस निर्दोष सुटले.

कोर्टात न्याय मिळाला नाही, म्हणून हेमर बोलत राहिल्या. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीसमोर त्यांनी ही मारहाण सांगितली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळले. पण त्याच संध्याकाळी चॅनेलवाल्यांनी हेमर यांची साक्ष दाखवली आणि ती देशभर पोहोचली.

१९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला. त्याच उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रातले आठ विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन दक्षिणेत फिरले. त्यांनी चळवळीतल्या माणसांचं बोलणं शेकडो तास रेकॉर्ड केलं. ज्यांची बाजू पोलीस किंवा कोर्टाच्या दप्तरात येत नव्हती, त्यांचा इतिहास असा जमा होऊ लागला. पुढे १९७२ मध्ये सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी हेमर यांचीही मुलाखत झाली.

१४ मार्च १९७७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

विनोना खटल्याच्या कागदावर आजही सगळे निर्दोषच आहेत. पण त्या कोठडीत काय घडलं, ते हेमर यांच्याच आवाजात आजही ऐकता येतं.