ज्यूल बोर्दे

ज्यूल बोर्दे यांचा जन्म १३ जून १८७० रोजी बेल्जियममधील स्वान्यी या गावी झाला. वडील शिक्षक होते. १८९२ मध्ये वैद्यकीची पदवी मिळवून दोन वर्षांनी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले.

पटकीविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचे रक्त गोठल्यावर जे रक्तजल वेगळे होई, त्यात पटकीचे जंतू मरत. १८९५ मध्ये बोर्दे यांनी ते रक्तजल ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले; त्याची शक्ती लोपली. मग साध्या, लस न टोचलेल्या प्राण्याचे थोडे ताजे रक्तजल मिसळताच जंतू पुन्हा मरू लागले! शत्रूला ओळखणारे द्रव्य उष्णतेतही टिकले होते. नष्ट झाले होते ते त्याला साहाय्य करणारे, प्रत्येक प्राण्याच्या रक्तात मूळचेच असणारे द्रव्य. त्यालाच पुढे ‘पूरक’ हे नाव मिळाले.

प्रतिकारशक्तीविषयक शोधांबद्दल बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ६ एप्रिल १९६१ रोजी ब्रुसेल्स येथे त्यांचे निधन झाले.

पूरक हा अनेक प्रथिनांचा समूह आहे, हे आता कळले आहे. तो विषाणूंवरही तुटून पडतो. काही विषाणू मात्र त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने निर्माण करून निसटतात. या लढ्याच्या अभ्यासाचा पाया बोर्दे यांच्या त्या लहानशा प्रयोगात आहे.