तुघलकाचं प्रॉडक्ट

मेसचं टाइमटेबल बदललं की आपण तुघलकी कारभार म्हणून मोकळे होतो. मित्रांनो, हा महंमद तुघलक 1325 मध्ये दिल्लीच्या गादीवर बसला आणि 1327 मध्ये त्याने आपल्या दौलताबादला राजधानी केली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची खरी भानगड पुढेच. 1330 च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेचं नाणं काढलं आणि ते चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालवा, असा हुकूम सोडला. दौलताबादच्या टांकसाळीतही ते पाडलं गेलं.

कल्पना भारीच! चीनमध्ये तर कागदाच्या नोटा चालत होत्या. पण तिथे सरकारी शिक्के होते, नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड होता. इथलं नाणं मात्र कुठल्याही कारागिराला घरी जमण्यासारखं. टेस्टिंगच नाही! सुलतानाला घरोघरी स्पर्धक उभे राहिले. गिऱ्हाईक तर त्याहून हुशार: सारा तांब्यात भरायचा, चांदी घरात दडवायची. शेवटी व्यापारी ते नाणं नुसत्या तांब्याच्या भावाने घेऊ लागले.

दोनतीन वर्षांत सुलतानाने माल मागे घेतला आणि बदल्यात खजिन्यातली चांदी मोजली. (आजची कुठली मोबाइल कंपनी फसलेला हँडसेट परत घेऊन सगळे पैसे देते?) 1351 मध्ये तो सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ वारला. परत आलेल्या नाण्यांचे डोंगर तुघलकाबादेत कितीतरी दिवस पडून होते म्हणे.