स्टेशनवर गोळी लागली, पण जीव घेतला न धुतलेल्या हातांनी! राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांची कहाणी

दहावीला पायथागोरसच्या प्रमेयानं ज्यांना घाम फोडला, त्यांना हे वाचून गंमत वाटेल. या प्रमेयाची एक सिद्धता अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षानं मांडलेली आहे. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ दोन तऱ्हेनं काढायचं आणि दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवायची, एवढाच तो खेळ. १८७६ साली ती छापून आली. तेव्हा जेम्स गारफिल्ड खासदार होते. पुढे पाच वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि चार महिनेही झाले नव्हते तोच रेल्वे स्टेशनवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

गारफिल्ड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८३१ चा, ओहायो राज्यातला. घर म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांचं खोपटं. पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं तेव्हा बाप गेला. आईनं शेत सांभाळून लेकरं वाढवली. सोळाव्या वर्षी जेम्स कालव्यावर कामाला लागला. कालवा म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आठवतं, पण तिकडचे हे कालवे मालवाहतुकीचे. पाण्यात नाव, काठावर जनावरं, आणि जनावरांनी दोरानं नाव ओढायची. ती हाकायचं काम या पोराकडे. पोहता येत नव्हतं आणि पाण्यात तर सारखा पडायचा! शेवटी तापानं फणफणून घरी आला. आईनं आणि मोठ्या भावानं साठवलेले सतरा डॉलर त्याच्या हातावर ठेवले, आणि पोरगं शाळेत गेलं.

पुढे हायरम गावच्या विद्यालयात झाडलोट करून त्यानं फी भागवली. त्याच विद्यालयात शिक्षक झाला आणि सव्विसाव्या वर्षी प्रमुख. गुलामगिरीचा कट्टर विरोधक. यादवी युद्धात सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढला, मग सतरा वर्षं खासदारकी. १८८० च्या पक्षाच्या अधिवेशनात गारफिल्ड गेले होते दुसऱ्याचं नाव सुचवायला. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, कुणालाच बहुमत मिळेना, आणि छत्तिसाव्या फेरीत उमेदवारी पडली यांच्याच गळ्यात. निवडूनही आले.

४ मार्च १८८१ ला शपथ घेतली आणि दारात रांग लागली. रांग नोकरी मागणाऱ्यांची. त्या काळी अमेरिकेत सरकारी नोकरी ओळखीवर मिळायची. पक्षासाठी राबलो, आता पोस्टात नाहीतर कचेरीत लावा, असा सरळ हिशोब. पुढाऱ्याच्या वाड्यावर चिठ्ठीसाठी ताटकळणारी माणसं आपण पाहिली आहेत, तसंच ते.

त्या रांगेत चार्ल्स गितो नावाचा एक इसम होता. निवडणुकीत आपण एक भाषण लिहिलं, म्हणूनच गारफिल्ड जिंकले, अशी त्याची ठाम समजूत. मोबदल्यात त्याला पॅरिसमधली वकिलातीची जागा हवी होती. हेलपाटे घालून नकार मिळाला तेव्हा त्यानं उसन्या पैशांतून रिव्हॉल्व्हर घेतलं. राष्ट्राध्यक्षांना तेव्हा अंगरक्षक नसायचे, आणि ते कधी कुठे जाणार हे पेपरात छापून यायचं! जूनमध्ये एकदा तो स्टेशनवर टपून बसलाही होता. पण गारफिल्ड यांच्या सोबत आजारातून उठलेली त्यांची बायको होती. तिच्याकडे बघून त्याचा हात उचलला नाही.

२ जुलै १८८१, शनिवार. वॉशिंग्टनचं बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वेचं स्टेशन. गारफिल्ड आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभाला निघाले होते, दोन मुलंही बरोबर होती. गितो आधीच येऊन बसलेला. त्यानं स्टेशनवर बुटांना पॉलिश करून घेतलं आणि नंतर तुरुंगाकडे जायला घोडागाडीही ठरवून ठेवली. साडेनऊच्या सुमाराला गारफिल्ड स्त्रियांच्या प्रतीक्षालयातून चालले असताना पाठीमागून दोन गोळ्या सुटल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली. सगळ्यात आधी धावून आल्या प्रतीक्षालयाची देखरेख करणाऱ्या सारा व्हाइट. त्यांनी जखमी राष्ट्राध्यक्षांचं डोकं धरून ठेवलं.

खरी शोकांतिका इथून पुढे आहे. पाठीतली ती गोळी कुठल्याही महत्त्वाच्या अवयवाला लागली नव्हती. पण पहिल्या डॉक्टरनं स्टेशनच्या फरशीवरच, हात न धुता, जखमेत बोट घातलं. गितोला पकडलं गेलं आणि गारफिल्डना व्हाइट हाउसमध्ये हलवलं. तिथे डॉ. ब्लिस यांनी ताबा घेतला, आणि बोटं नि सळया घालून गोळी शोधणं चालूच राहिलं. जंतूंपासून जखम जपायची पद्धत इंग्लंडच्या लिस्टर यांनी तेव्हा सांगितलेली होती. पण डोळ्यांना न दिसणारे जंतू माणूस मारतात, हे बऱ्याच अमेरिकी डॉक्टरांना पटतच नव्हतं.

टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतः एक यंत्र घेऊन आले. शरीरात धातू असला की ते आवाज करायचं. पण गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोटाळा केला. शिवाय ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडे आहे असं ते आधीच सांगून बसले होते. गोळी होती डावीकडे.

उन्हाळा कडक होता. नौदलाच्या इंजिनिअरांनी बर्फाच्या पाण्यानं भिजवलेल्या कापडांतून हवा सोडून खोली गार केली, म्हणजे आपल्या कूलरचाच थोरला भाऊ. तरी माणूस खंगत गेला. शंभर किलोच्या आसपासचा गडी साठीवर आला. आता समुद्रकाठी न्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

न्यू जर्सीमधल्या एल्बरॉनला समुद्राकाठचं एक घर ठरलं. पण स्टेशनपासून घोडागाडीचे हादरे त्यांना सोसले नसते. मग रेल्वेलाच थेट दारापर्यंत न्यायचं ठरलं. शेकडो माणसं भिडली आणि एका रात्रीत सुमारे ३,२०० फूट, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, नवा रूळ टाकला. ६ सप्टेंबरला गाडी निघाली. वाटेत लोक टोप्या काढून गुपचूप उभे होते. घराजवळचा चढ इंजिनाला झेपेना, तेव्हा माणसांनी डबा हातांनी ढकलत दारापर्यंत नेला. कालव्यावर नाव ओढणारी जनावरं हाकलेला हा माणूस, आणि ते कालवे मोडीत काढले ते याच रेल्वेनं.

१९ सप्टेंबरच्या रात्री गारफिल्ड गेले. वय होतं ४९. शवविच्छेदनात सगळीकडे पू आढळला आणि गोळी डाव्या बाजूला निवांत बसलेली. गितोनं कोर्टात म्हणणं मांडलं, की मी गोळी घातली खरी, पण मारलं डॉक्टरांनी. कोर्टानं काही ते ऐकलं नाही. ३० जून १८८२ ला त्याला फाशी झाली. १८८३ च्या जानेवारीत कायदा आला आणि काही सरकारी नोकऱ्या परीक्षेवर मिळू लागल्या. आज आपली पोरं जशा स्पर्धा परीक्षा देतात, तशीच ती सुरुवात.

ते स्टेशन १९०८ साली पाडलं. त्या जागी आता चित्रांचं मोठं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एल्बरॉनचा तो रूळही पुढे उखडला. पण त्याचे लाकडी स्लीपर एका नटानं विकत घेतले आणि त्यांचं चहा प्यायला एक छोटंसं खोपटं बांधलं. ते अजून उभं आहे.