कै. डॉ. पंजाबराव देशमुख : दिल्लीतील आठवडा व धानाची बांधी

लोकांनी निवडून दिलेला मनुष्य दिल्लीस जाऊन आठवडाभर करतो तरी काय, हा प्रश्न आमच्या बपेऱ्यासारख्या सीमेवरील गावात वारंवार ऐकू येतो. प्रश्न उपरोधाचा असला तरी अयोग्य नव्हे. त्याचे उत्तर पदव्यांच्या यादीत सापडत नाही, कामाच्या रीतीत सापडते. म्हणून या स्मरणिकेत कै. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे चरित्र आम्ही त्या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते विलायतेस गेले. तेथे एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे त्यांनी विद्या संपादन केली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला व ते बॅरिस्टरही झाले. एवढी विद्या पदरी असता वकिलीत सुखाने आयुष्य घालविणे त्यांस अवघड नव्हते. परंतु परत येताच त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत पुढाकार घेतला, आणि १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे धोरण स्वीकारले. १९३० मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले व १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला.

दिल्लीतील त्यांच्या कार्याचे तीन कालखंड पडतात. पहिला १९४६ पासूनचा. घटना समितीच्या सभासदांवर त्या वेळी दुहेरी भार होता. देशाची घटना घडवावयाची व त्याच काळात विधिमंडळ म्हणून चालू कायदेही करावयाचे. एका बैठकीत मूलभूत हक्कांचे कलम, तर दुसऱ्या बैठकीत अंदाजपत्रक वा कराचा प्रश्न. अशा सभेत शेतकऱ्यांची व मागासलेल्या वर्गांची बाजू भाऊसाहेबांनी आग्रहाने मांडली. दुरुस्ती सुचवावयाची, ती फेटाळली गेली तरी पुढच्या कलमावर पुन्हा उभे राहावयाचे, हे काम टाळ्या मिळवून देणारे नसते. परंतु विधिमंडळातील श्रमाचे खरे स्वरूप तेच होय.

दुसरा कालखंड १९५२ ते १९६२ चा. अमरावतीतून लोकसभेवर निवडून येऊन ते केंद्रात कृषिमंत्री झाले. अधिवेशन चालू असता मंत्र्याचा आठवडा नियमांनी बांधलेला असतो. बैठकीच्या आरंभी प्रश्नोत्तरांचा तास येतो. प्रत्येक खात्यास आठवड्यातील वार नेमून दिलेले असतात, त्या वारी तारांकित प्रश्नास उभे राहून उत्तर द्यावे लागते व त्यावर येणारे पूरक प्रश्न आधी ठाऊक नसतात. खात्याने दिलेल्या टिपणात पीक, खत, बियाणे यांचे आकडे असतात. परंतु शेत न पाहिलेल्या माणसास ते आकडे त्या क्षणी साथ देत नाहीत. पुढे विधेयके, आणि अंदाजपत्रकाच्या अधिवेशनात खात्याच्या मागण्यांवरील चर्चा. शुक्रवारचे अखेरचे अडीच तास खासगी सभासदांच्या कामकाजास राखून ठेवलेले असतात. त्यातून उरलेला वेळ दौरे, फायली व भेटीस आलेल्यांचा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भाऊसाहेब कृषिमंत्री असले तरी अन्न व कृषी खात्याचे मुख्य सूत्र क्रमाने रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन व स. का. पाटील यांच्या हाती होते. शिवाय शेती हा राज्यांचा विषय. म्हणजे दिल्लीत बसून बांधीतले धान वाढविण्याचा अधिकार त्यांस मर्यादितच होता. तरीही १९५३ पासून देशभर चाललेल्या जपानी पद्धतीच्या धानशेतीच्या मोहिमेस त्यांनी आपले सारे बळ दिले. मिठाच्या पाण्यात बियाणे टाकून पोचट दाणे काढून टाकावेत, पऱ्हे उंच वाफ्यात तयार करावे, रोवणी ओळीत करावी, खत द्यावे व ओळींमधून निंदण करावे, असा तिचा सारांश होता. धानावर जगणाऱ्या आमच्या भंडारा जिल्ह्यास या विषयाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली व १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागेही त्यांचेच परिश्रम होते.

तिसरा कालखंड अल्प. १९६२ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण मंत्रिपद राहिले नाही. ज्या सभागृहात दहा वर्षे उत्तरे दिली, तेथे आता सामान्य सभासद म्हणून बसावयाचे होते. ते बसले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते लोकसभेचे सभासद होते. १९६९ मध्ये अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते, आणि त्याच विद्यापीठाच्या साकोली येथील केंद्रात आमच्या जिल्ह्याच्या धानावर संशोधन चालते.

आता समाजबांधवांपुढे एक विचार. आम्ही भाऊसाहेबांस आपले म्हणतो व त्यांची तसबीर सभेत लावतो. परंतु त्यांनी १९२७ मध्ये विमलाबाईंशी विवाह केला तो जातीबाहेर. त्यांचे छात्रालय सर्वांचे, त्यांच्या संस्थेची शाळा सर्वांची. ज्यांनी जातीचे कुंपण ओलांडले त्यांच्या नावाने आम्ही जातीचे कुंपण उंच करणार असू, तर तो त्यांचा गौरव नव्हे. संस्थेच्या निधीतून शिष्यवृत्ती देताना, वसतिगृहात खोली देताना व घरी मुलामुलींचे विवाह ठरविताना ही गोष्ट आम्ही ध्यानात ठेवतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, भंडारा इकडे आला, बालाघाट तिकडे राहिला आणि बपेरा सीमेवरचे गाव झाले. दोन्हीकडच्या बांध्यांत धान तेच, रोवणीही तीच. अशा गावाने आपल्या प्रतिनिधीकडून सत्काराची मागणी करण्याऐवजी, त्याने कोणत्या वारी कोणता प्रश्न विचारला याची चौकशी ठेवावी. भाऊसाहेबांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.