झाँ मार्क गास्पार इतार

झाँ मार्क गास्पार इतार (जन्म : ओरेझों, फ्रान्स, २४ एप्रिल १७७४, मृत्यू : पासी, फ्रान्स, ५ जुलै १८३८) हे फ्रेंच वैद्य व शिक्षणतज्ज्ञ होते. विशेष गरजा असलेल्या एका मुलासाठी निश्चित उद्दिष्टे आखून, त्यांनुसार त्याला शिकवून, यशापयशाचा लेखी वृत्तांत ठेवणारे ते आरंभीचे शिक्षक होत. त्यामुळे त्यांना विशेष शिक्षणाच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जाते.

पूर्वायुष्य

घरच्यांनी इतार यांना बँक व्यवसायासाठी तयार केले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सक्तीची सैन्यभरती टाळण्यासाठी ते तूलाँ येथील लष्करी रुग्णालयात साहाय्यक झाले आणि तेथेच शल्यकर्म शिकले. पुढे पॅरिसला आल्यावर १८०० साली ते तेथील राष्ट्रीय मूकबधिर संस्थेचे वैद्य झाले.

आव्हेरोंचा मुलगा

जानेवारी १८०० मध्ये दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों भागात सुमारे बारा वर्षांचा, रानात वाढलेला एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणले गेले. ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ फिलिप पिनेल यांनी त्याला तपासून जन्मजात मतिमंद ठरवले. त्याच्यात सुधारणा होण्याची आशा त्यांना वाटत नव्हती. इतार यांना हा निष्कर्ष पटला नाही. मुलाची अवस्था मानवी सहवासाच्या अभावातून आली आहे, असे त्यांचे मत होते. ‘ओ’ हा स्वर ऐकताच तो मान वळवी, म्हणून त्याचे नाव व्हिक्टर ठेवण्यात आले. त्याचा दैनंदिन सांभाळ मादाम गेरँ करीत. इतार यांच्या कीर्तीत या बाईंचा वाटा मोठा आहे, जरी त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

पाच उद्दिष्टे

इतार यांनी व्हिक्टरसाठी पाच उद्दिष्टे ठरवली. माणसांतले जीवन त्याला रानातल्या जीवनाहून सुखकर वाटावे, हे पहिले. त्यासाठी प्रारंभी शिकवणे बाजूला ठेवून त्याला हवे तसे झोपू, खाऊ आणि शेतांतून धावू दिले गेले. दुसरे उद्दिष्ट ज्ञानेंद्रिये जागवण्याचे. उकळत्या पाण्यातला बटाटा हाताने काढणाऱ्या या मुलाला रोज दोन-तीन तास ऊन पाण्याने स्नान घालत. काही महिन्यांनी तो पाणी पुरेसे गरम आहे की नाही, हे बोट घालून स्वतः पाहू लागला. थंडी जाणवू लागल्यावर त्याचे अंथरूण ओले करणेही थांबले. नव्या गरजा निर्माण करून त्याचे अनुभवविश्व वाढवणे हे तिसरे, वाचा आणणे हे चौथे आणि रोजच्या वस्तूंपासून सुरुवात करून विचारशक्तीला चालना देणे हे पाचवे उद्दिष्ट होते.

मुलाच्या गरजेतून निघालेली उद्दिष्टे बरीच साधली. वाचेचे मात्र साधले नाही. फ्रेंचमधील दुधाचा शब्द ‘ले’ तो उच्चारू लागला, पण दूध मिळाल्यावर, आनंदाने. मागणी म्हणून त्याने तो वापरला नाही, यामुळे इतार निराश झाले. पुढे त्याच शब्दाची सुटी अक्षरे जुळवायला तो शिकला, आणि एकदा शेजारच्या घरी जाताना ती अक्षरे आपणहून बरोबर नेऊन, मांडून, त्याने दूध मागितले. भाषेचे कार्य येथे पूर्ण झाले होते. फक्त ते तोंडाने झाले नव्हते. ज्या संस्थेत मुले दिवसभर हातवाऱ्यांच्या भाषेत बोलत, तेथे राहूनही इतार यांनी व्हिक्टरला ती भाषा पद्धतशीरपणे शिकवली नाही, हा त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

त्यांच्या काही पद्धती आज क्रूर ठरतील. व्हिक्टरचे आकांत थांबवण्यासाठी त्यांनी एकदा त्याला उंच खिडकीबाहेर धरले होते. न्यायबुद्धीची परीक्षा पाहण्यासाठी त्याला मुद्दाम विनाकारण शिक्षा केली, तेव्हा तो त्यांच्या हाताला चावला. या प्रतिकाराने इतार यांना समाधान वाटले.

मादाम गेरँ यांचे पती वारल्यावर व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्यांचेही ताट मांडले. बाईंना रडू कोसळले. ते पाहून त्याने ताट उचलून ठेवले व पुन्हा कधी मांडले नाही. असे प्रसंग इतार यांनी १८०६ च्या दुसऱ्या अहवालात नोंदवले आहेत. या मुलाची तुलना इतर मुलांशी न करता त्याच्याच पूर्वस्थितीशी करावी, ही त्यांची भूमिका होती; तरीही त्यानंतर त्यांनी शिकवणे थांबवले. व्हिक्टर मादाम गेरँ यांच्याकडेच राहिला व १८२८ मध्ये वारला.

उत्तरायुष्य व प्रभाव

१८२१ मध्ये इतार यांचा कर्णरोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे तूरेत यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या विकाराचे वर्णन त्यांनी १८२५ मध्येच केले होते.

एदुआर सेगँ यांनी इतार यांच्या मार्गदर्शनाखाली मतिमंद मुलांना शिकवण्यास प्रारंभ केला. मारिया माँटेसरी यांनी या दोघांचे लेखन इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढले आणि रोममधील मतिमंद मुलांसाठी प्रथम वापरलेली साधने नंतर सर्व मुलांसाठी वापरली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापलेल्या नूतन बालशिक्षण संघामार्फत माँटेसरी विचार मराठी व गुजराती बालशिक्षणात रुजला. बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे आणि हाताळायची सुटी अक्षरे यांचा माग काढत गेल्यास तो व्हिक्टरच्या अक्षरांपर्यंत पोहोचतो.

फ्रेंच दिग्दर्शक फ्राँस्वा त्रूफो यांनी १९७० मध्ये या घटनेवर चित्रपट काढला. त्यात इतार यांची भूमिका त्यांनी स्वतः केली होती.