गोपाळबाबा वलंगकर : प्रश्न विचारायला शिकवणारा पूर्वज

माणूस सवयीचा गुलाम असतो. अन्याय रोजचाच झाला की त्याचीही सवय लागते. मग नशिबाला बोल लावून तो गप्प बसतो. ही सवय मोडणारा एक थोर पुरुष आपल्या महाड तालुक्यानं दिला. ते म्हणजे गोपाळबाबा वलंगकर.

बाबा रावढळचे. लष्करातून १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले. पेन्शन खात सुखानं बसता आलं असतं. पण महात्मा फुल्यांच्या विचारांनी त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तीत अस्पृश्यतेला आधार तरी काय, असे २६ प्रश्न त्यांनी समाजातल्या प्रतिष्ठितांपुढे ठेवले. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

१९०० साली बाबा गेले. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा दिवस त्यांना दिसला नाही. पण पेरणाऱ्यानं पिकाची वाट पाहत बसायचं नसतं, हाच आम्हाला त्यांच्या जीवनाचा अर्थ वाटतो.

परंपरा आहे म्हणून काहीही मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांचीही शिकवण. तेव्हा महाड-पोलादपूरच्या बंधू-भगिनींनो, घरात पोरानं "असं का?" विचारलं, तर त्याला दटावू नका. जवळ बसवा. तो बाबांचाच वारसा आहे.

गोपाळबाबांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!